एकसष्ट मार्क

पट्टी मनगटाभोवती तीनदा फिरली, तळव्यावरून गेली, अंगठ्याला वळसा घालून परत मनगटावर आली आणि थांबली. म्हणजे पट्टी कशाला थांबेल, मीच थांबलो. डाव्या हातात पट्टीचा गुंडा, उजवा पंजा पसरून समोर धरलेला, आणि पुढे काय ते येईना. पंधरा वर्षं रोज सकाळी हे हात मी बांधत आलोय. अंगात ताप असताना बांधलेत, आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी बांधलेत, झोपेतून उठवून सांगितलं तरी बांधीन. आणि आता आधी बोटांच्या मधून जायचं की आधी गाठींवरून, काही म्हणजे काही सुचेना. बोटं होती, पट्टी होती, मधलं कोणीतरी पुसून टाकलं होतं. भीती नंतर वाटली. आधी नुसता संताप आला, गर्दीत खिसा कापला गेल्यावर येतो तसा. कोणावर काढायचा ते कळत नाही. मग कुठल्याही लबाड माणसाने केलं असतं तेच मी केलं. ‘सैल झाली साली’ असं जरा मोठ्यानेच म्हणालो, सगळी पट्टी सोडली, गुंडाळली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी खाली बघितलंच नाही. समोरच्या गच्चीवर एक बाई गाद्या उन्हात टाकत होती, एक गादी तिला काही केल्या उचलवत नव्हती, तिच्याकडे बघत राहिलो. तिची गादी कठड्यावर चढली तेव्हा माझे दोन्ही हात बांधून झाले होते. म्हणजे हातांना येत होतं. मी मध्ये पडलो की येत नव्हतं.

मास्तर वजनकाट्यापाशी उभे होते. मास्तर म्हणजे आमचे कोच; सगळा हॉल त्यांना मास्तरच म्हणतो, पोटऱ्यांवर वेताच्या छडीने मारतात म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे बघितलं, जसा काही काटाच बिघडलाय. ‘उद्या कागद ना तुझा?’ ‘हो.’ ‘नेहमीसारखं कर, मुंगळ्या. उगाच शहाणपणा करायला जाऊ नकोस.’ एवढं बोलून ते दुसऱ्या कोणाची तरी कंबर वाकवायला निघून गेले. त्यांनी पट्टी पाहिली होती. पंधरा वर्षं एका माणसाच्या छडीखाली काढल्यावर त्याने काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही हे पाठमोरं सुद्धा कळतं. पाहिलं आणि बोलले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

मुंगळा हे माझं धंद्यातलं नाव. एकदा डसला की ओढून काढताना मुंडकं तुटेल पण चावा सुटणार नाही, तसा मी समोरच्याला धरतो म्हणून. आमचा धंदा म्हणजे लोखंडी जाळीच्या आत उतरून एका माणसाला हरवायचं. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, पकड, गळा आवळणं, सगळं चालतं. चावणं आणि डोळ्यात बोट घालणं तेवढं चालत नाही. लोक त्याला खेळ म्हणतात. आई शेवटपर्यंत मारामारीच म्हणायची, आणि शेजारणीला सांगताना ‘तो व्यायामाचं काहीतरी करतो’ असं सांगायची. नऊ वर्षांत एकोणीस वेळा जाळीत उतरलो. बारा जिंकलो. कान फुलून कोबीसारखे झालेत, नाकाचं हाड कधी इकडे असतं कधी तिकडे, डावा गुडघा पाऊस येणार असला की माझ्याआधी उठून बसतो. या सगळ्याचं मला कधीच काही वाटलं नाही. ते अंग होतं. अंग म्हणजे आपण नव्हे, असं मी धरून चाललो होतो.

आता कागदाचं सांगतो. लढायचं लायसन देताना पहिल्याच दिवशी एक परीक्षा घेतात, डोक्याची. पाच शब्द सांगतात आणि दुसरं काहीतरी करायला लावून थोड्या वेळाने विचारतात. आकडे उलटे म्हणायला लावतात. कॉम्प्युटरवर लाल चौकोन दिसला की बटण दाबायचं, निळा दिसला की दाबायचं नाही. शंभरपैकी मार्क. हे मार्क फाइलीला जन्मभर चिकटतात. पुढे कधी डोक्यावर जबर मार बसला की तीच परीक्षा परत घेतात, शब्द बदलून, आणि पहिल्या मार्कांशी ताडून बघतात. फार उतरले असतील तर लायसन जातं. उतरले नसतील तर माणूस धडधाकट, जा बाबा, मार खा. ही युक्ती काढणारा हुशारच असणार. फक्त तो आमच्यासारख्यांच्यात चार दिवस राहिलेला नसणार. कारण आमच्या हॉलमध्ये नव्या माणसाला गार्ड दातात कसं बसवायचं हे शिकवायच्या आधी हे शिकवतात, की पहिल्या परीक्षेत जेवढे मार्क कमी, तेवढी पुढची सोय जास्त. उतरायला जागाच ठेवायची नाही. पहिल्या दिवशी जो जास्त मार्क मिळवेल तो खरा गाढव.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनी मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर शेंगा सोलत समजावलं होतं. ‘ढ व्हायचं. पण फार ढ नाही, संशय येतो. पाचातले तीन शब्द सांगायचे. लाल दिसला की मनात एक म्हणायचं आणि मग दाबायचं. मधूनच एखादा निळा पण दाबून टाक.’ मला हसू आवरत नव्हतं. आत गेलो. पाचही शब्द मला येत होते. पाच काय, टेबलावरच्या सहा पेनांचे रंग येत होते, भिंतीवरच्या तक्त्यातल्या हाडांची नावं येत होती, लायसनवाल्या कारकुनाने फोनवर कोणाला काय सांगितलं ते शब्दन् शब्द येत होतं. शाळेत माझं डोकं कधी चाललं नाही, पण असल्या गोष्टींत मी सैतान होतो. एकदा पाहिलं की पाहिलं. आणि त्या सगळ्याला आत दाबून धरून चेहरा पाडून बसायचं, ‘तिसरा... तिसरा काय होता बरं’ असं पुटपुटायचं, ही त्या वेळी मला आयुष्यातली सर्वांत मोठी गंमत वाटली. एकसष्ट आले. हॉलमध्ये सगळ्यांनी पाठीत थापा मारल्या. त्या वर्षी एकाने फाजील उत्साहात अठ्ठेचाळीस मिळवले होते, त्याला परत बोलावून विचारलं, घरी कोणी वेडं होतं का म्हणून. मास्तर म्हणाले, बघा, नापास व्हायला सुद्धा अक्कल लागते, मुंगळ्याकडे ती आहे.

हॉलमध्ये एक जण आहे, त्याला सगळे बोका म्हणतात. कितीही उंचावरून पडला तरी पायांवर पडायचा म्हणून. माझ्या आधीच्या पिढीतला, भल्याभल्यांना पाणी पाजलेला. आता सकाळी येतो आणि टॉवेलांच्या घड्या घालतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पगार देत नाही. बहीण रिक्षाने सोडून जाते, दुपारी घेऊन जाते. घडी घातलेला टॉवेल उलगडतो, परत घालतो. बोक्याचे पहिले मार्क होते पंचावन्न. तो शेवटच्या परीक्षेपर्यंत पास होत गेला. अजून त्याच्या फाइलीत नॉर्मल असंच लिहिलेलं आहे. बहीण त्या फाइली घेऊन कुठे कुठे फिरली, जिथे गेली तिथे फाइल उघडून बघून तिला हेच सांगितलं की बाई, खेळाने काही झालेलं नाही, हे आधीपासूनच असं दिसतंय. त्या दिवशी सकाळी, हात बांधून झाल्यावर, मी बोक्याशेजारी बाकावर जाऊन बसलो. एरवी मी त्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. तो म्हणाला, ‘झाली का लढत?’ मी म्हणालो, ‘अजून तीन आठवडे आहेत.’ तो म्हणाला, ‘जिंकलास ना?’ मी हो म्हणालो. त्याला फार बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी जी लढत होती ती रात्रीची शेवटची लढत. पोस्टरवर फोटो वर, मोठा. नऊ वर्षं मी मधल्या लढती लढलो, लोक खुर्च्या शोधत असतात आणि थंड पेयं घेऊन येत असतात तेव्हाच्या. ही शेवटची मला मिळाली ती मागच्या लढतीमुळे. आणि मागच्या लढतीची गंमत अशी, की दुसऱ्या फेरीत समोरच्याची लाथ माझ्या कानशिलावर बसली इथपर्यंतची ती माझी आहे. पुढची नाही. नंतर मला एकदम शॉवरचा आवाज आठवतो, आणि मास्तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणताहेत, ‘लेका, असा लढलेला मी कोणी पाहिला नाही.’ तिसरी फेरी मी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघितली. माझी चड्डी घातलेला एक माणूस फार सुरेख लढत होता. थकलेला नाही, घाबरलेला नाही, एक पाऊल फुकट टाकत नाही. शेवटी पंचांनी त्याचा हात वर केला तेव्हा त्याने कॅमेऱ्यात बघून काहीतरी म्हटलं. आवाज बंद होता म्हणून मी चालू केला, तर गर्दीच्या गोंगाटात ते ऐकू येईना. सात-आठ वेळा बघितलं. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली फेरी, आणि मी तिथे नव्हतो. याबद्दल मी कोणाशीच बोललो नाही. काय बोलणार, की अभिनंदन करायचं तर त्या माणसाला भेटा?

त्याच दिवशी दुपारी जेवताना मी बायकोला विचारलं, ‘प्लंबर येऊन गेला का?’ ती म्हणाली, ‘आला होता, नळ बदलून गेला.’ मग आम्ही जेवलो. तिच्या दुकानातल्या नव्या मुलीबद्दल ती काहीतरी सांगत होती. बायको चष्म्याच्या दुकानात आहे, डोळे तपासते. मला ते सगळं नीट ऐकल्याचं आठवतं, ती मुलगी काचा पुसताना गाणं म्हणते वगैरे. मग मी विचारलं, ‘प्लंबर आला नाही वाटतं.’ ती म्हणाली, ‘आला होता, नळ बदलून गेला.’ त्याच आवाजात. हे असं चार वेळा झालं म्हणे. चौथ्या वेळी तिने हातातला घास खाली ठेवला. उठली, मोरीपाशी गेली आणि तो नवा नळ पूर्ण सोडला. ‘हा बघ,’ म्हणाली, ‘हा नवा नळ.’ पाणी धो धो वाहत होतं आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. मला आधी वाटलं ही रागावली आहे. नळ बंद करायला गेलो तेव्हा दिसलं.

ती भांडणारी बाई नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी पक्का आहे. तिने ताट बाजूला सारलं आणि सरळ सौदा केला. ‘मी डॉक्टर नाही. मी तुला थांब म्हटलं तर तू जन्मभर मला बोल लावशील. तेव्हा मी म्हणणार नाही. ती तुमची परीक्षा असते ना, ती सांगेल ते. उतरले मार्क, तर संपलं, परत त्या जाळीचं नाव काढायचं नाही. नाही उतरले, तर मी तोंडातून ब्र काढणार नाही, तू पन्नास वर्षांचा होईपर्यंत लढ. कबूल?’ मी लगेच कबूल म्हणालो. इतक्या लगेच, की तिला संशय यायला हवा होता. तिच्या दुकानात ड्रायव्हर लोक येतात, डोळे गेलेले असतात पण लायसन हवं असतं, ते भिंतीवरची अक्षरांची पाटी बाहेरूनच पाठ करून येतात आणि खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवतात. ती त्यांना बरोबर पकडते. गप्पा मारता मारता पाटी फिरवते. एकदा मी विचारलं होतं, राग येत नाही का तुला त्यांचा. म्हणाली, ‘त्यांचा कशाला येईल, पोटासाठी करतात. त्यांच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांची काळजी वाटते.’ हे माहीत असून मी तिच्या हातात हात देऊन कबूल म्हणालो. खोट्या मापाने तेल विकणारा वाणी सुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात हात देत नाही.

पण पट्टी थांबली त्या दिवशी माझं काहीतरी बिनसलं. हॉलमधून चालत घरी आलो. वाटेत पूल लागतो, त्याच्या मधोमध उभा राहून मी ठरवलं की उद्या खरी परीक्षा द्यायची. जीव तोडून. एकही उत्तर मुद्दाम चुकवायचं नाही. त्यात कोणाचं काही जात नव्हतं. पास तर मी होणारच होतो, उलट मार्क वाढणार होते. फक्त मला कळलं असतं. आत किती शिल्लक आहे ते निदान मला एकट्याला कळू दे, मग बघू. थोडं कमी झालेलं असेल, पंच्याण्णवाचे पंच्याऐंशी, ऐंशी. ऐंशी असतील तर ही एक लढत करून सोडायचं, आपणहून. असा मी स्वतःशीच एक वेगळा सौदा केला, आणि मला एकदम हलकं वाटलं. मार्क एवढे कसे वाढले असं डॉक्टरांनी विचारलंच तर त्याचं उत्तर सुद्धा तयार ठेवलं: मार खाऊनच माणूस शहाणा होतो, बाई. घरी येईपर्यंत हे वाक्य मी चार-पाच वेळा मनात घोळवलं, दर वेळी हसू आलं.

दवाखाना तोच, नऊ वर्षांपूर्वीचा. पायऱ्यांना आता लोखंडी कठडा बसवलाय. बायकोने अर्धी सुट्टी टाकली होती. ती बाहेर बाकावर बसली, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून, स्टेशनवर सामान सांभाळत बसतात तशी. डॉक्टरबाई वयस्क, दमलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी शब्द सांगितले: कात्री, ढग, दोरी, बशी, पूल. मी परत म्हणून दाखवले, लख्ख. मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरलास. मग आकडे. तीन आकडे उलटे सहज आले. चार आले. पाचाला त्यांनी सात, दोन, नऊ, चार, सहा म्हटलं आणि मी सहा, चार, असं सुरू केलं आणि पुढे एक आकडा उभा होता पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं. मी वाट बघितली. मास्तर म्हणतात, घाईने पकड सुटते. घाई केली नाही. सुटलीच. दोन म्हणालो. बाईंनी कागदावर काहीतरी केलं. मग चौकोन. इथे तर मी वाघ असायला हवा. समोरच्याचा खांदा हलायच्या आत माझं डोकं बाजूला झालेलं असतं, त्याच्यावर तर जगलो. लाल दिसला आणि अंगठ्याला म्हणालो दाब, आणि अंगठा दाबत होता, पण माझं म्हणणं आणि त्याचं दाबणं यांच्यामध्ये एक फट होती. एवढीशी. मनात एक म्हणण्याएवढी. निळा आला, दाबू नको म्हणेपर्यंत दाबला गेला होता. घाम आला. मी जाळीत असा कधी घामेजलो नाही. पाठ ताठ केली, जबडा आवळला, दोन्ही पाय जमिनीत रोवले, जेवढं होतं तेवढं सगळं त्या बटणावर आणलं. खरं सांगतो, एकोणीस लढतींत कुठल्याच माणसाशी मी इतका जीव तोडून लढलो नाही जेवढा त्या चौकोनांशी लढलो.

‘आता मघाचे शब्द सांगा,’ बाई म्हणाल्या. कात्री. ढग. बशी. हे तीन एकदम आले, आणि मग आत शांत झालं. दोन अजून होते. ते आहेत हे मला माहीत होतं, बंद दाराच्या पलीकडे कोणीतरी चालतंय हे जसं माहीत असतं. ‘सावकाश,’ बाई म्हणाल्या. खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर पेनं होती, किती ते मी मोजलं, आणि मोजून झाल्यावर परत मोजावंसं वाटलं. पाचातले तीन. शेंगा सोलत मास्तर म्हणाले होते तेवढेच. मी म्हणालो, ‘आठवत नाहीत.’ नऊ वर्षांपूर्वी हे वाक्य म्हणताना मी किती छान चेहरा केला होता. आता मुद्दाम काही करावं लागलं नाही.

बाईंनी बायकोला आत बोलावलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. ‘एकसष्ट,’ त्या म्हणाल्या, ‘आणि पहिले पण एकसष्ट. इतकं तंतोतंत मी सहसा पाहत नाही. काहीच फरक नाही. काळजीचं कारण नाही, ताई.’ बायको कागदाकडे बघत म्हणाली, ‘शंभरपैकी?’ बाई जरा हसल्या. ‘काहींचं मुळातच तेवढं असतं. त्यात कमीपणा नाही. आपण बघतो ते उतरलंय का एवढंच, आणि ते उतरलेलं नाही.’ आणि त्यांनी सही केली. शिक्का मारला. मी त्या दोन आकड्यांकडे बघत होतो. एक मी सोंग करून मिळवलेला, एक जीव तोडून. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलापाशी एका ढ माणसाची नक्कल करून मी लोकांना हसवलं होतं, आणि आता तो ढ माणूस मी होतो, हुबेहूब, एका मार्काचाही फरक नाही. आणि हे जगात कोणालाही दाखवता येणार नव्हतं, कारण आधी मी कोण होतो त्याचा कागद मीच फाडला होता. मला त्या बाईंचा हात धरून सांगावंसं वाटलं. काय सांगणार? ‘बाई, मी हुशार होतो’? त्या म्हणाल्या असत्या, बरं.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. बायकोने पेला भरला, प्यायली नाही. ‘एकसष्ट कसे असतील?’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘असतात की. पास झालो ना? आता ब्र काढायचा नाही असं ठरलंय आपलं.’ ती म्हणाली, ‘आत्ताचं नाही म्हणत मी. तेव्हाचे. तेव्हाचे एकसष्ट शक्यच नाही.’ मी टाकीच्या नळाकडे बघितलं. ‘लायसन मिळालं त्याच आठवड्यात तू माझ्या दुकानात आला होतास. डोळा काळानिळा करून. आठवतं ना?’ ते आठवत होतं. तिची बोटं माझ्या पापणीवर, काचा पुसायच्या पाण्याचा त्यांना येणारा वास, ते सगळं आहे माझ्याकडे. ‘मी तुला पाटी वाचायला सांगितली,’ ती म्हणाली, ‘तू एकदा वाचलीस. मग म्हणालास, दिवा बंद करा. आणि अंधारात सगळी पाटी म्हणून दाखवलीस, खालच्या ओळीपासून वर, उलटी. अकरा ओळी. दुकानातले सगळे आत येऊन उभे राहिले होते. मालक म्हणाले, याला गल्ल्यावर बसवा. आठवतं ना?’

‘आठवतं की,’ मी म्हणालो.

माझ्याकडे त्यातलं काहीही नव्हतं. दिवा नाही, अंधार नाही, मालक नाही. मी आत हात घालून घालून बघत होतो आणि तिथे नुसती पापणीवरची बोटं होती आणि तो वास.

‘असला माणूस एकसष्ट आणणार नाही,’ ती म्हणाली. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती, दुकानात ड्रायव्हरांकडे बघत असेल तशी. ‘तू तेव्हा मुद्दाम चुकलास. होय ना?’ आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, ‘सगळेच चुकतात. हॉलमध्ये तशी रीतच आहे.’ तिचा चेहरा आधी रागाने भरला, मग राग कुठेतरी अडला. मला दिसत होतं, ती हिशेब करत पुढे चालली होती, एकेक पायरी, आणि शेवटच्या पायरीशी येऊन थांबली. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, ‘आणि आज?’

खरं सांगायला एवढंसं वाक्य लागत होतं. आज जीव तोडून परीक्षा दिली. चार-पाच शब्द, ते मला येत होते, जिभेवर होते. ते बोललो असतो तर तिथेच जिन्यात सगळं संपलं असतं, लढत, पोस्टर, मास्तर, सकाळचे हात बांधणं. आणि मग घरी जाऊन रोज तिच्यासमोर बसायचं, ती बघणार, दर वेळी मी काही विसरलो की तिचं ते त्याच आवाजात उत्तर देणं. टॉवेलांच्या घड्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की तिला कुठलं उत्तर हवंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

‘आजपण,’ मी म्हणालो.

पेला टाकीवर ठेवून तिने हातातली फाइल फाडकन माझ्या दंडावर मारली. ‘लबाड,’ म्हणाली, ‘चोर.’ आणि परत मारली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता नाक पुसायला लागली. ‘माझा जीव गेला होता ना आत. एकसष्ट ऐकलं आणि वाटलं, संपलं.’ मग गंभीर झाली. ‘म्हणजे ही परीक्षा गेली खड्ड्यात. तिचं काही खरं नाही. आता तूच सांग. तू म्हणशील ते मी मानेन. तू ठीक आहेस?’

‘ठीक आहे.’

‘माझ्याकडे बघून सांग.’

तिच्याकडे बघून सांगितलं.

‘बरं,’ ती म्हणाली, ‘मग लढ.’

जिना उतरताना तिने माझा हात धरला होता. तिला आता बोलायचं होतं, कितीतरी दिवसांचं तुंबलेलं. त्या पाटीचीच गोष्ट ती परत सांगायला लागली, मजेत, सगळी सोंगं करून: मी कसा डोळा मिटून ऐटीत बसलो होतो, सातव्या ओळीला एक अक्षर अडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं, आणि मी म्हणालो थांबा, थांबा. मी मधून मधून ‘हो ना’ म्हणत होतो. ऐकायला फार छान वाटत होतं. पोरगा हुशार होता, आणि तिला आवडला होता, ते तिच्या सांगण्यावरून कळत होतं. शेवटच्या पायरीवर कोणीतरी ओळखीचं भेटलं आणि ती सांगता सांगता थांबली. ते अक्षर त्याला आठवलं की नाही, हे मला विचारायचं होतं. विचारता आलं नाही.